अमेरिकेतून पुण्यात परतताना : फ्लॅट थांबेल, आधी तिकिटाची तारीख बघा

प्रश्न : वय ४१. जानेवारी २०१६पासून आम्ही न्यू जर्सीत आहोत, मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि पत्नी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होईल म्हणून ५ जून २०२७ला कायमचं पुण्यात यायचं ठरवलंय. ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात १ लाख ८० हजार डॉलर आहेत. कंपनीचे शेअर १ लाख ४० हजार डॉलरचे आहेत, त्यात निम्मा नफा. अमेरिकेतल्या बचत खात्यात ६० हजार डॉलर आणि भारतात ५५ लाखांची एनआरई एफडी (अनिवासी भारतीयाची रुपयांतली मुदत ठेव). बाणेरला १ कोटी ९० लाखांचा फ्लॅट बघितलाय, ताबा डिसेंबर २०२८. तसाच तयार फ्लॅट भाड्याने ४८ हजारांत मिळतो. निघण्याआधीच ४०१(के) मोडून आणि शेअर विकून फ्लॅट घेऊन टाकावा, म्हणजे कर्जाची कटकट नको, असं वाटतं. एक मित्र म्हणतो, ऑक्टोबरनंतर या, कर वाचेल. १ एप्रिल २०२२पासून भारतात तीन फेऱ्या झाल्या, मिळून ७० दिवस. मला बीपीची गोळी चालू आहे. काय करावं?

उत्तर : आधी निकाल सांगतो. फ्लॅट आत्ता नको. ४०१(के)ला हात लावू नका. शेअर विका, पण २०२८ उजाडल्यावर. आणि विमानाचं तिकीट दोन आठवडे पुढचं काढा. या चार गोष्टींत करसवलतीची मुदत शेवटच्या गोष्टीवर ठरते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

परत आलेल्या माणसाला आयकर कायदा लगेच पूर्ण रहिवासी धरत नाही. मधली पायरी असते, आरएनओआरची : रहिवासी, पण सामान्य रहिवासी नव्हे. या काळात परदेशात मिळालेलं आणि परदेशातच जमा झालेलं उत्पन्न भारतात करपात्र नसतं. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ आला, 'मागील वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं, पण रहिवासाचे निकष तेच राहिले. आरएनओआर ठरण्याचे मुख्य रस्ते दोन. आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं तुम्ही अनिवासी असायला हवं, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांपर्यंतच असायला हवा. दोन्हींपैकी एक पुरतं.

तुमचा हिशोब मांडतो. २०२७-२८ला आधीची दहाही वर्षं अनिवासी, म्हणजे आरएनओआर. २०२८-२९ला दहापैकी नऊ, तेही पास. २०२९-३०ला दहापैकी आठच उरतात, हा रस्ता बंद. मग दुसरा बघायचा. ५ जून २०२७ला उतरलात तर त्या वर्षाचे ३०१ दिवस, २०२८-२९चे ३६५ आणि जुन्या फेऱ्यांचे ७०. बेरीज ७३६. सात दिवसांनी अख्खं वर्ष गेलं. १२ जूनला आलात तर बेरीज बरोबर ७२९ होते आणि २०२९-३०सुद्धा आरएनओआर राहतं. इतकं काठावर चालू नका. २० जून धरा, बेरीज ७२१ होईल. २०२८-२९मध्ये दोन आठवडे भारताबाहेर फिरून आलात तर तेही दिवस वजा होतील. मात्र घर बघायला म्हणून एप्रिल-मेमध्ये एखादी फेरी मारलीत तर ते दिवस त्याच बेरजेत चढतील, हे विसरू नका. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजा. त्यावर वाद झालेले आहेत, तुमच्यावर नको.

आता मित्राचं ऑक्टोबरचं गणित. तो म्हणतो ते खोटं नाही. ३ ऑक्टोबर २०२७ किंवा त्यानंतर आलात तर ३१ मार्चपर्यंत १८२ दिवस भरत नाहीत (२०२८ लीप वर्ष आहे, म्हणून १ किंवा २ तारीख चालणार नाही) आणि ते वर्ष अनिवासी जातं. पण पुढे काय? २०२८-२९ आणि २०२९-३० आरएनओआर, आणि २०३०-३१ला मुक्कामाची बेरीज ९०० पार. म्हणजे सवलत संपायची तारीख ३१ मार्च २०३०. २० जूनला आलात तरी तीच. चार महिने थांबून, मुलीला अर्ध्या वर्षात शाळेत घालून हातात जवळजवळ काहीच पडत नाही. ऑक्टोबरचा नियम ज्यांच्या जुन्या फेऱ्या खूप आहेत त्यांच्या कामाचा. तुमच्या नाही.

या काळात करायचं सगळ्यात मोठं काम म्हणजे शेअरविक्री. आत्ता विकलेत तर ७० हजार डॉलरच्या नफ्यावर, शेअर वर्षापेक्षा जास्त काळ ठेवलेले असतील तर, साधारण १५ टक्के केंद्रीय कर, वर न्यू जर्सीचा वेगळा. १० हजार डॉलर तर सरळ गेले. एप्रिल २०३०नंतर विकलेत तर भारतात १२.५ टक्के. मधल्या काळात विकलेत तर दोन्हीकडे शून्य. अमेरिका अनिवासी परकीयाच्या साध्या शेअरनफ्यावर कर लावत नाही आणि भारत आरएनओआरच्या परदेशी नफ्यावर लावत नाही. इतकी सरळ तरतूद करात क्वचितच सापडते.

तीन अटी मात्र काटेकोर पाळायच्या. २०२७ तुमचं तिथलं अर्धं निवासी, अर्धं अनिवासी वर्ष असेल. त्या गुंत्यात विक्री नको, जानेवारी २०२८ उजाडू द्या, आणि त्या वर्षी अमेरिकेत ३० दिवसांपेक्षा जास्त राहू नका. दुसरं, ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन फॉर्म भरून अनिवासी झाल्याची नोंद करा. तिसरी अट लोक हमखास चुकवतात : विक्रीचे पैसे आधी तुमच्या अमेरिकी खात्यात पडले पाहिजेत, मग तिथून भारतात. ब्रोकरकडून थेट पुण्याच्या खात्यात मागवलेत तर 'भारतात मिळालेलं उत्पन्न' म्हणून करपात्र ठरायचा धोका ओढवून घ्याल. हे सगळं तुम्ही एच-१बीवर आहात म्हणून. ग्रीनकार्डवाला कार्ड रीतसर परत करेपर्यंत अमेरिकेचा करदाताच राहतो.

शेअर तिथेच पडून राहू देण्यात आणखी एक खड्डा आहे. अमेरिकेत न राहणाऱ्या परकीयाचा मृत्यू झाला तर तिथल्या शेअरसारख्या मालमत्तेवर फक्त ६० हजार डॉलरपर्यंत वारसा कराची सूट आहे. वर ४० टक्क्यांपर्यंत दर. भारत-अमेरिकेत या कराबाबत करार नाही. बँकेतल्या साध्या ठेवींना हा कर लागत नाही, शेअर आणि तिथल्या ईटीएफना (शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडांना) लागतो. तेव्हा विकून तेच पुन्हा घ्यायचा मोह झाला तर ही मर्यादा डोळ्यांसमोर ठेवा.

४०१(के)कडे वळू. साडेएकोणसाठच्या आत मोडलंत की १० टक्के जादा कर, म्हणजे १८ हजार डॉलर नुसता दंड. आत्ता मोडलंत तर ती रक्कम पगाराच्या डोक्यावर चढते, वरच्या टप्प्याचा दर लागतो, आणि न्यू जर्सीही हात पुढे करते. राज्य सोडून गेलेल्याच्या निवृत्ती खात्यावर राज्याला कर लावता येत नाही, तेवढा तरी फायदा परतल्यावर आपोआप मिळतो. अगदीच गरज पडली तर २०२८ आणि २०२९मध्ये, पगार नसलेल्या वर्षांत, तुकड्यांनी काढा. कंपनी आधी ३० टक्के कापून ठेवेल, १०४०-एनआर हे अनिवासीचं अमेरिकी रिटर्न भरून जादाचे परत मागायचे. १० टक्के दंड तेव्हाही चुकत नाही. म्हणून मी म्हणेन, राहू द्या. शिल्लक ७ हजार डॉलरच्या वर असल्याने जुनी कंपनी तुम्हाला जबरदस्तीने बाहेर काढू शकत नाही. आयआरएमध्ये, म्हणजे स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात हलवायचं असेल तर तिथला पत्ता असतानाच हलवा. भारतातला पत्ता दिसला की काही ब्रोकर नवीन खातं उघडत नाहीत. परदेशी पत्त्यावर काय काय बंद होतं, हे निघण्याआधी लेखी विचारून ठेवा.

पूर्ण रहिवासी झाल्यावर ४०१(के)मधल्या दरवर्षीच्या वाढीवर भारतात कर भरायचा का, हा प्रश्न येतो. पैसे काढाल तेव्हाच कर, असा पर्याय जुन्या कायद्यात कलम ८९एने दिला होता (अमेरिका, ब्रिटन, कॅनडा या तीन देशांसाठी) आणि नव्या कायद्यातही तो आहे. तो पर्याय पहिल्या लागू वर्षीच, रिटर्नच्या मुदतीत निवडायचा. एकदा निवडला की मागे घेता येत नाही. त्याच वर्षापासून रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेची यादीही भरावी लागते. चूक झाली तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला सूट मिळाली, पण तुमचं ४०१(के) त्यात बसत नाही.

एनआरई एफडीबाबत सर्वांत जास्त गैरसमज दिसतो. 'आरएनओआर आहे म्हणजे एनआरईचं व्याज करमुक्तच' हे चूक. ती सूट आयकराच्या दिवसमोजणीवर नाही, फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) रहिवासावर आहे. आणि कायमचं राहायला आलात की फेमात तुम्ही पहिल्या दिवसापासून रहिवासी. बँकेला कळवून खातं निवासी करायचं. त्या दिवसानंतरचं व्याज तुमच्या स्लॅबने करपात्र, बँकेने टीडीएस कापला नाही तरी. याउलट परकीय चलनातल्या एफसीएनआर (अनिवासींच्या) आणि आरएफसी (परतलेल्यांच्या) ठेवींचं व्याज आरएनओआर असेपर्यंत करमुक्त आहे, आणि एफसीएनआर ठरलेल्या दराने मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते. म्हणून बचत खात्यातल्या ६० हजार डॉलरपैकी ४० हजार निघण्याआधी तीन वर्षांच्या एफसीएनआरमध्ये घाला. ५५ लाख रुपयांतच राहू द्या. पहिली दोन वर्षं तुमचा खर्च रुपयांत आहे.

आता बाणेरचा फ्लॅट. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे १३ लाख ३० हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असल्याने जीएसटी ५ टक्के, ९ लाख ५० हजार. मिळून २३ लाख १० हजार, म्हणजे त्याच फ्लॅटचं चार वर्षांचं भाडं. आणि हे भरूनही ताबा डिसेंबर २०२८ला, म्हणजे दीड वर्ष भाड्याने राहावं लागणारच. त्यात पुण्यातली नोकरी खराडीला लागली तर? बाणेरहून रोज शहर आडवं कापायचं. मुलगी अकरा वर्षांत घडलेल्या सगळ्या सवयी घेऊन नव्या शाळेत बसणार. पहिल्या वर्षात शाळा बदलणारी कुटुंबं काही थोडी नाहीत. भाड्याचं घर अकरा महिन्यांच्या करारावर सोडता येतं. विकत घेतलेलं घर सोडलं तर मुद्रांक आणि जीएसटी परत येत नाहीत.

२०२८च्या मध्यावर नोकरी आणि शाळा दोन्ही बसल्या असतील तर तयार, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला फ्लॅट बघा. जीएसटी वाचेल. फक्त पत्नीच्या नावावर घेतलात तर मुद्रांकात एक टक्का कमी. विक्रेता अनिवासी असेल तर टीडीएस एक टक्का नसतो, कितीतरी जास्त असतो, हे बोलणी करतानाच विचारा. तोवर करमुक्त विकलेल्या शेअरचे पैसे हातात असतील आणि उरलेलं छोटं कर्ज पगाराच्या स्लिपांवर मिळेल. कर्जाला इतकं घाबरण्यासारखं काही नाही.

निघण्याआधीची किरकोळ कामं. अमेरिकेतला मोबाइल नंबर स्वस्तातल्या प्लॅनवर चालू ठेवा, नाहीतर ब्रोकरचा ओटीपी बंद नंबरवर जात राहील. भारतातल्या म्युच्युअल फंडांत एसआयपी आत्ता सुरू करू नका. तुम्ही अमेरिकेचे करदाते असेपर्यंत या फंडांवर तिथे जाचक कर आणि वेगळे फॉर्म आहेत. आरोग्य विमा इथे येण्याआधीच, बीपी जाहीर करून घ्या. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, ते घड्याळ लवकर सुरू झालेलं बरं. प्रीमियमवर आता जीएसटी नाही. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे अमेरिकी सरकारी पेन्शनच्या संकेतस्थळावर त्यासाठी लागणारी तुमची ४० क्रेडिट पूर्ण दिसतात का, ते बघून विवरण उतरवून घ्या. वर्षाला चार मिळतात, तेव्हा दिसायला हवीत. भारताशी त्याबाबतचा करार नाही, म्हणून इथल्या नोकरीची वर्षं त्यात जोडता येत नाहीत.

वरची सगळी मोजणी तुम्ही दिलेल्या ७० दिवसांवर उभी आहे. तिकीट काढण्याआधी पासपोर्टवरचे शिक्के काढून फेऱ्यांचे दिवस पुन्हा मोजा. पत्नीचे वेगळे मोजा. त्या एखाद्या फेरीत महिनाभर जास्त राहिल्या असतील तर त्यांची तारीख २० जून नाही, जुलैच्या मध्यावर जाईल, आणि शेअरचं खातं दोघांच्या नावावर असेल तर ते महत्त्वाचं आहे.