जर्मनीला निघालेल्या यावलच्या भावाला

भाऊ, तू विचारलंस की ऑक्टोबरमध्ये मास्टर्सला जर्मनीला निघतोय, यावल-जळगाव सोडून कधी राहिलो नाही, तिथे जेवणाचं आणि माणसांचं कसं जमेल? ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे आधीच बँकेत ठेवायचे पैसे) वर्षाचे ११,९०४ युरो, हेल्थ इन्शुरन्स, घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी ही कामं यादी धरून उरकतात. माणसं मात्र तुलाच जोडावी लागतील, आणि माझ्या मते त्याचा रस्ता स्वयंपाकघरातून जातो.

आपल्याकडे शेतात भरीत पार्टी ठरली की सकाळी निरोप, संध्याकाळी पंगत. सोबत आणखी दोघं आले तरी कुणी विचारत नाही. इथे जर्मनीत दोन-तीन आठवडे आधी बोलवावं लागतं, आणि सात म्हणजे सातच. पहिल्यांदा हे फार कोरडं वाटतं. पण हो म्हटलेला माणूस बर्फ पडत असला तरी येतो, येताना सॅलड नाहीतर घरी भाजलेला केक आणतो. ही पण मायाच आहे. ती ओळखायला शिक.

कुणी बोलवेल म्हणून वाट पाहत बसू नकोस. होस्टेलच्या सामाईक किचनमध्ये तूच भरीत कर. तुर्की दुकानात जाड जांभळी वांगी मिळतात. टोचे मारून ओव्हनच्या ग्रिलखाली मऊ होईपर्यंत भाज, पुढे घरच्यासारखंच: हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. कपाशीच्या काड्यांवरचा धूर त्यात उतरणार नाही, वांगीही आपली हिरवी-पांढरी नाहीत. तरी ते भरीतच आहे, मन लावून खाऊ घाल. घरच्या चवीशी रोज तुलना करत राहिलास तर समोरच्या ताटाची गोडी लागणार नाही. दाण्यांची ॲलर्जी कुणाला आहे का, हे मात्र आधी विचारच. हा प्रश्न जिवाचा आहे. मिरचीची फोडणी देताना खिडकी उघड, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. रात्री दहानंतर आवाज कमी.

मराठी मंडळी भेटतील, गणपतीला आणि दिवाळीला जरूर जा. पण सगळे रविवार तिथेच घालवू नकोस. शेजारच्या खोलीतल्या मुलाकडून त्याच्या आजीचं बटाट्याचं सॅलड शिक, त्याला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळी खाऊ घाल. पोळी भाजायचं मातीचं खापर नाही म्हणून सण अडत नाही, तव्यावरही पोळी होते.

सामानात काळा मसाला आणि बिबडे (ज्वारीचे पापड) घे, नीट पॅक करून. तूप, खवा, पेढे आणू नकोस. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आईला समजावून सांग, नाहीतर ती बॅगेत भरणारच. आणि निघायच्या आधी तिच्याजवळ उभा राहून कळण्याची भाकरी थापायला शिकून घे. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, उडीद तूच दळून त्यात मिसळ.