पहिली शिडाची बोट घेताना

रेसिंग करायचंय ना? मग बोट नंतर, आधी तुमच्या पाण्यावर कोणत्या क्लासच्या (म्हणजे एकाच ठरावीक घडणीच्या) बोटी उतरतात ते बघा. तशी दुसरी बोटच नसेल तर शर्यत लावणार कोणाशी?

एकट्याने चालवायला लेझर उत्तम (हल्ली तिला इल्का म्हणतात): ४.२३ मीटर लांब, एकच शीड. शिडाचा आकार मात्र स्वतःच्या वजनाप्रमाणे घ्या. नवखे हौसेने मोठं शीड घेतात आणि वारा वाढला की उलटत राहतात. घरच्यांसोबत निवांत फिरायचं असेल, तर ही नकोच. रुंद, स्थिर बोट बघा.

जुनी घेताना डेक (बोटीचा वरचा सपाट भाग) अंगठ्याने दाबून बघा, विशेषतः डोलकाठीच्या बुडाशी. मऊ लागला तर सरळ नाही म्हणा. शीड जुनं असलं तरी सुरुवातीला चालतं. लाइफ जॅकेट मात्र नवंच हवं, अंगाला घट्ट बसणारं.