व्यग्र म्हणजे एकाग्र नव्हे!

‘डिस्ट्रॅक्शन’ला मराठीत काय म्हणावं आणि त्याने एकाग्रतेचं काय बिघडतं, असं एका वाचकाने विचारलंय. अडथळा, लक्ष विचलित होणं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. नेमका शब्द आहे व्यग्रता, आणि तोच आपण उलटा करून ठेवलाय. ‘ती वाचनात इतकी व्यग्र होती की हाकही ऐकू आली नाही’ अशी वाक्यं सतत वाचावी लागतात. अहो, हाक ऐकू आली नाही म्हणजे ती एकाग्र होती!

अग्र म्हणजे टोक. ज्याचं टोक एकच, ते एकाग्र. ‘वि’ लागला की टोक फुटतं आणि होतं व्यग्र. सुईत ओवायचा दोरा बघा. पीळ घट्ट असला की नेढ्यातून सरळ जातो. टोक पिंजारलं की एक तंतू आत, दोन बाहेर. संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 साली ‘अटेन्शन रेसिड्यू’ म्हणून मांडलं ते हेच: एक काम अर्धवट सोडून दुसरं घेतलं, तर लक्षाचा काही भाग पहिल्यापाशीच अडकून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं.

यावर मला अमरकोश, म्हणजे अमरसिंहाचा जुना संस्कृत शब्दकोश, दाखवला जातो: ‘व्यग्रो व्यासक्त आकुले’. म्हणजे गुंतलेला हा अर्थही शुद्धच, असा दावा. पण व्यासक्तची फोड कोणी करतं का? वि + आसक्त. तिथेही तोच ‘वि’! माझ्या मते चार ठिकाणी गुंतलेला तो व्यासक्त, म्हणून तर शेजारी ‘आकुल’, म्हणजे गोंधळलेला, आहे. शब्दकोशांनी त्यातलं ‘गुंतलेला’ तेवढं उचललं आणि ‘चार ठिकाणी’ वाटेत सांडलं. अमरसिंह एकाग्रच्या ओळीत एकतान, अनन्यवृत्ती हे शब्द देतो. व्यग्र तिथे नाही.

वाचनात रमलेल्यासाठी गर्क आणि मग्न आहेतच की. एक अरबीतून आलेला, दुसरा संस्कृत, आणि मुळात दोन्हींचा अर्थ ‘बुडालेला’! इतकी सुंदर जोडी हाताशी असताना व्यग्र कशाला वापरायचा?

राहिला मूळ प्रश्न. मनाची ती अवस्था म्हणजे व्यग्रता. ती आणणारा तो चित्तविक्षेप. हा पतंजलींचा शब्द. योगसूत्रांत त्यांनी नऊ विक्षेप सांगितलेत, त्यांत व्याधी, संशय, आळस आहेत, पण बाहेरचा गोंगाट नाही. बाहेरून येतो तो व्यत्यय. फोन वाजला तर व्यत्यय. न वाजताही हात तिकडे गेला तर विक्षेप. बोलताना ‘लक्ष उडालं’ पुरतं. लिहिताना ‘मोबाइलने मन व्यग्र केलं’ असं खुशाल लिहा.