कर्करोगाने मृत्यू नेमका कसा येतो, आणि तो वेदनामयच असतो का?
केवळ गाठ असल्याने माणूस दगावत नाही; तिच्या पेशी यकृत, फुप्फुसे, मेंदू अशा ठिकाणी पसरून तिथले काम बंद पाडू लागल्या की प्राणांवर बेतते. प्रत्यक्षात शेवट बहुधा अवयव निकामी होऊन, रक्ताच्या गुठळीने, रक्तस्रावाने किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाने होतो, कारण खंगलेल्या शरीराला साधा संसर्गही पेलवत नाही. आणि हे खंगणे जास्त खाऊ घालून भरून येत नसल्याने घरच्यांनी कृपया घासाघासाचा आग्रह धरू नये. अनेकांना मरणापेक्षा वेदनेची भीती अधिक वाटते, आणि ती अगदी स्वाभाविक आहे. मात्र मॉर्फिन हे अफूपासून बनणारे वेदनाशामक औषध वेळेवर व योग्य मात्रेत दिल्यास बहुतेकांच्या वेदना आटोक्यात राहतात, आणि ते सहज मिळावे म्हणून भारतात २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्तीही झाली. उपशामक उपचारांच्या, म्हणजे वेदना व त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांना अखेरच्या आठवड्यात नव्हे, तर आजार बळावण्यापूर्वीच भेटावे.