शब्दांचं आणि वाचनाचं वेड तुम्हाला कसं लागलं? आणि ते वय वाढलं तरी टिकतं कसं?

मला ते उप्पिटाच्या कढईपाशी लागलं.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात. वडील मागावर कामाला. आजी माहेरची गोकाककडची, कन्नड घरातली. आमच्याशी ती मराठीच बोलायची, पण रागावली की कन्नड, आणि मोजायला बसली की कन्नड. पापड वाळत घालताना 'ओंदु, एरडु, मूरु' असं चालायचं. मी सात-आठ वर्षांची असेन. उप्पीट या शब्दात 'पीठ' आहे, मग रव्याला पीठ का म्हणायचं, म्हणून मी तिच्याशी वाद घातला. ती म्हणाली, "पीठ हायच गे त्यात, पण तुझं न्हवं, आमचं. उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. उप्पिट्टु."

शब्द असा उकलता येतो, त्याच्या पोटात दुसरे शब्द असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग मी तिची पाठच सोडली नाही. अडकित्ता? अडके म्हणजे सुपारी, ओत्तु म्हणजे दाबणं. तूप? तिकडे तुप्प. मागाला मग्ग. आम्ही ज्यांना अक्का, अण्णा, अप्पा म्हणत होतो ते सगळे तिच्या माहेरचेही निघाले. रोज तोंडात असलेले शब्द कुठून तरी चालत आलेत, या कल्पनेनं मी हरखून गेले होते. अजूनही हरखते.

वाचन वडिलांकडून आलं. लाईट गेली की माग बंद पडायचा. धोट्याचा खडखडाट थांबला की घर एकदम मोकळं वाटायचं. मजुरी बुडायची हे तेव्हा आम्हा मुलांना कळत नव्हतं. आम्ही लाईट जायची वाटच बघायचो. कारण वडील खिडकीपाशी बसून जे हाताला लागेल ते मोठ्यानं वाचायचे. पेपर, दिवाळी अंक, पुडीचा कागदसुद्धा. अडलेला शब्द ते कधी गाळत नसत. थांबायचे, पुन्हा म्हणायचे, आम्हाला विचारायचे. मोठ्या माणसाला एखादा शब्द येत नाही आणि त्यात लाज नाही, हे मी त्या खिडकीपाशी शिकले.

पुढं शहरातलं सार्वजनिक वाचनालय सापडलं. ते १८४८ पासूनचं आहे. एवढ्या वर्षांत त्या पुस्तकांवरून किती बोटं फिरली असतील, हा विचार पान उलटताना हमखास यायचा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं, की मला दोन भाषा मिळाल्या म्हणून ते टिकलं. सीमाभागातली मराठी बिघडलेली, असं मी लहानपणापासून ऐकत आले. 'काय करतोयस' ऐवजी 'काय करूलास' म्हटलं की बाहेरगावचे नातेवाईक हसायचे. मला ते तेव्हाही पटलं नाही, आज तर मुळीच नाही. धारवाडकडे बघा. द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, आणि ते कन्नडचे महाकवी झाले. १९७३ चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला. जी. ए. कुलकर्णी बेळगाव जिल्ह्यात जन्मले, त्याच धारवाडात इंग्रजी शिकवत राहिले, आणि कथा लिहिल्या त्या मराठीत. असं होतं ते या मातीत शेजारची भाषा कानावर पडत असते म्हणूनच, असं मला वाटतं.

नोकरी लागल्यावर मी दोन कोश घेतले: मोल्सवर्थचा मराठी, पहिल्यांदा १८३१ मध्ये निघालेला, आणि किटेलचा कन्नड, १८९४ चा. कन्नड लिपी मी आधीच बसच्या पाट्यांवरून जुळवत शिकले होते. रात्री दोन्ही कोश शेजारी उघडून बसायचं, एक शब्द इकडे बघायचा, एक तिकडे. कादंबरीत मन लागत नसेल अशा दिवसांतही हे जमतं. तुम्हाला वाचन सुटल्यासारखं वाटत असेल तर जाड पुस्तक हातात घेऊ नका. स्वयंपाकघरातला एक शब्द घ्या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि थंडीत बेळगावकडे आलात तर कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा एखाद्या गावचं साहित्य संमेलन चुकवू नका. बायका डोक्यावर ग्रंथ घेऊन दिंडीत चालतात. माझी आई गेली आहे त्यात.

आजीला वाचता येत नव्हतं. किटेलचा कोश घरी आला त्या रात्री मी तिला 'हिट्टु' शोधून दाखवला. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं, बराच वेळ काढलं नाही, आणि मग विचारलं, "उप्पु कुठं हाय?"