रामटेकच्या गडावर ५४० जीप चढत नाही? डिझेल पंप उतरवायच्या आधी हे बघा

भाऊ, तुमचं सगळं वाचलं. महिंद्राची एमएम ५४० जीप, प्युजोचं डिझेल इंजिन, सपाटीवर साठ-पासष्टनं मस्त पळते पण रामटेकच्या गडावर दुसऱ्या गिअरमध्येही चढून नाही राहिली, पहिला टाकावा लागते. मिस्तरी म्हणतात डिझेल पंप अन् नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) करू, नाही जमलं तर बोअर-पिस्टन, म्हणजे इंजिनच खोलायचं. अन् सहा महिन्यांआधी एकतीस इंची टायर टाकले हे तुम्ही शेवटी जाता जाता सांगितलं. पण जे आधी सांगायला पाहिजे होतं तेच राहिलं ना बाप्पा, चढावर पूर्ण पाय दिल्यावर मागून धूर कोणता निघते?

हे काहून विचारतो ते सांगतो. या जुन्या डिझेलमध्ये पेट्रोलसारखी हवा अडवणारी चकती नसते, हवा जेवढी येते तेवढी येतेच, आपण पायानं फक्त डिझेल वाढवतो. म्हणजे पूर्ण दाबल्यावर काळा धूर अन् ताकद नाही, तर डिझेल पोचते पण हवा कमी पडून राहिली नाहीतर नोझल नीट फवारत नाही. धूरच नाही अन् ताकदही नाही, तर डिझेलच पोचत नाही. गरम झाल्यावरही पांढरा धूर अन् डोळ्यांना झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास, तर टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) मागं आहे नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) बसलं. निळा म्हणजे ऑइल जळते. मित्राला मागच्या गाडीत बसवा अन् व्हिडिओ काढायला लावा, आरशात बघून अंदाज चुकतो, संध्याकाळी तर सगळाच धूर काळा दिसते.

आता एक साधा हिशोब. माणसं-सामान धरून गाडी १७०० किलो धरू, चढ दहाला एक, स्पीड ३०. नुसतं वर उचलायलाच १८-१९ हॉर्सपॉवर लागते, टायरचं घर्षण धरलं तर बावीसच्या आसपास. तुमच्या २११२ सीसी इंजिनाची कागदावरची ताकद ६२. पूर्ण आरपीएमला मिळणारा आकडा आहे तो, मान्य, अन् इंजिन म्हातारं झालं हेही मान्य, पण तरी अर्धी ताकद उरली असली तरी गड चढायला पाहिजे. सपाटीवर साठनं जायलाही बरीच ताकद लागते अन् ती तुमची देऊन राहिली, म्हणून बोअर-पिस्टनवर माझा तरी एवढ्यात विश्वास नाही बसत. ज्याचं कॉम्प्रेशन खरंच गेलं त्याची गाडी डिसेंबरात सकाळी स्टार्ट व्हायलाच रडते, तुम्ही तसं काही म्हटलं नाही.

पहिलं काम फुकटचं. बॉनेट उघडा, इंजिन बंद, एकानं पेडल पूर्ण दाबायचं अन् तुम्ही पंपावरचा लिव्हर बघायचा, तो शेवटच्या स्टॉपर स्क्रूला टेकते का. नाही टेकला तर तुम्ही मुळात पूर्ण ॲक्सिलेटर देतच नाही आहात. केबल ढिली असते, रॉडचं बुश झिजलेलं असते, अन् हसू नका पण एकदा एका दोस्ताच्या जीपमध्ये पेडलखाली नवीन जाड रबरी मॅट टाकलेली निघाली होती. पठ्ठ्या त्याआधी दोन गॅरेज फिरून आला होता.

टायरचं म्हणाल तर तो गुन्हेगार आहे, पण एकटा नाही. आधी २९ इंचाच्या आसपासचा टायर होता, आता ३१, म्हणजे सगळे गिअर सात टक्क्यांनी लांब झाले. स्पीडोमीटर ४० दाखवते तेव्हा तुम्ही खरे ४३ वर असता. वजन वाढलं ते वेगळं. त्यानं दुसऱ्या गिअरमध्ये जड वाटेल, पण पहिल्यावर यायची पाळी नाही येणार. तरी एक सांगा, त्रास टायर टाकल्याच्या दिवसापासून सुरू झाला की नंतर हळूहळू वाढला? हळूहळू वाढला असेल तर टायरला सोडा.

क्लच अन् ब्रेक पटकन बघून घ्या. चढावर तिसऱ्यात पाय दाबला अन् इंजिनचा आवाज वाढला पण गाडी तिथंच, तर क्लच प्लेट सुटते. दहा किलोमीटर ब्रेक न लावता चालवून चारही ड्रमजवळ हात न्या, एखादा भाजत असला तर तो जाम धरून आहे. अन् फोर बाय फोरचा दांडा चुकून लागलेला राहिला नाही ना तेही बघा, डांबरावर त्यानं गाडी बांधल्यासारखी होते.

आता डिझेलचं. हे जरा लांब सांगतो कारण मी स्वतः यात पैसे घालून बसलो आहे.

माझीपण ५४०च. चिखलदऱ्याला जाताना परतवाड्याच्या पुढं घाट लागला की दोन-तीन किलोमीटर बरी चढायची, मग हळूहळू दम तोडायची, धूर नाही, आवाज नाही, पाय पूर्ण खाली अन् गाडी नुसती कुंथून राहिली. बाजूला लावून पाणीबिणी पिलं अन् निघालो की परत मस्त, अर्धा किलोमीटर. मग पुन्हा तेच. मिस्तरींनी पंप उतरवला, कॅलिब्रेशन, चारही नोझल नवीन, अकरा हजार गेले, पुढच्या वेळी घाटात तीच कथा. तेव्हा वाडीच्या एका जुन्या ट्रकवाल्या मिस्तरीनं एक प्लास्टिकचा डबा काढला अन् म्हणाला, टाकीला बाजूला ठेव, आधी हिला हातानं पाज.

पाच लिटरचा डबा, स्वच्छ डिझेल, झाकणाला भोक. टाकीकडून फीड पंपावर (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाकडे पाठवणारा छोटा पंप) येणारा पाइप काढायचा अन् त्या जागी डब्यातून नळी. पंपाकडून परत जाणारी रिटर्नची नळीही डब्यातच सोडायची, नाहीतर डबा रिकामा होत राहील अन् टाकी भरत राहील. डबा काचेखाली पक्का बांधायचा, सायलेन्सरच्या बाजूला बिलकुल नाही, लाइनमधली अडकलेली हवा काढायची अन् चढावर न्यायची. गाडी डब्यावर चढली तर खोट टाकी ते फीड पंप एवढ्यातच आहे, पंपाला बोट लावायची गरज नाही. डब्यावरही नाही चढली तर फिल्टर नवीन टाका अन् डब्याची नळी फीड पंप सोडून सरळ फिल्टरला द्या, आता चढली तर जुना फिल्टर बुजला होता नाहीतर फीड पंप गेला. तेव्हाही नाही चढली तर मग पंपवाल्याकडे जा, अन् तेव्हा पैसे देताना पोटात दुखणार नाही.

माझी डब्यावर पहिल्याच फटक्यात चढली. मग टाकीपासून एक एक तुकडा काढला. चासीजवळच्या वीतभर रबरी नळीत सापडलं. बाहेरून एकदम चांगली होती, दाबून पाहिली तरी समजत नव्हतं. ब्लेडनं उभी चिरली तर आतला पापुद्रा सुटून जिभेसारखा लोंबत होता. डिझेल कमी ओढलं जाते तोवर ती जीभ पडून राहते, चढावर पंप जोरात ओढायला लागला की उठून तोंड बंद करते, थांबलं की परत पडते. म्हणून सपाटीवर गाडी राजा अन् घाटात भिकारी. अन् हे रोटरी पंप असे असतात की डिझेल कमी आलं तर आतलं प्रेशर पडते, प्रेशर पडलं की टायमिंगचा ॲडव्हान्स कमी होते, डिझेल उशिरा फवारलं जाते, म्हणजे दोन्हीकडून मार बसते.

म्हणून तुम्हाला विचारतो, थांबून दोन मिनिटांनी परत निघालं की गाडी थोडा वेळ बरी चढते का? चढत असेल तर मी पैज लावतो खोट डिझेलच्या लाइनमध्येच आहे. टाकीचं झाकण उघडताना फुस्स आवाज येते का तेही बघा, झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी हेच होते, अन् ते तर सुईनं मोकळं होते. टाकीतली जाळी काढून बघा. फिल्टर अन् पंपाच्या मध्ये फूटभर पारदर्शक नळी टाकली तर बुडबुडे दिसतात का कळते, दिसले तर कुठंतरी एअर घेऊन राहिली.

काळा धूर निघाला तर मात्र उलटीकडून सुरू करा. एअर फिल्टर आधी, आपल्याकडे उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यानं दोन चकरा मारल्या तरी बुजते. ऑइल बाथवाला (खाली ऑइल भरलेला, त्यात धूळ अडकवणारा) असेल तर खुणेच्या वर ऑइल भरू नका, त्यानंही दम कोंडते. नोझल नंतर. अन् थोडा काळा धूर घाटात येतोच, इंजिनला टर्बो नाही. नागपूर ३१० मीटरवर, चिखलदरा १११८ वर, तेवढ्यानंच हवा आठ टक्क्यांच्या आसपास पातळ होते. पण गडासाठी हे कारण नका देऊ, तिथं उंची कितीशी. हां, मे महिन्यात दुपारी दोनला ४५ डिग्रीत नेली असेल तर ती गोष्ट वेगळी, थंडीच्या २० डिग्रीच्या मानानं तेवढीच हवा नुसत्या उन्हानं कमी होते.

पांढरा असेल तर विचारा की पंप याआधी कधी उतरवला होता का, अन् बसवताना फ्लँजवरची (पंप इंजिनला जोडते त्या पट्टीवरची) खूण जुळवली होती का.

अन् कोणी म्हणालं की पंपाचा मेन स्क्रू (डिझेल वाढवणारा) अर्धा फेरा आत मारून देतो, मग बघ कशी पळते, त्याला हात जोडा. पळते, खरं आहे, दोन महिने पळते. मग हेड तापते.

नळी बदलाल तर डिझेलचीच घ्या, कूलरच्या पाण्याची नको, ती फुगते. क्लिप दोन्हीकडं नवीन. अन् डबा बांधून गडावर जायचं तर सकाळी आठच्या आत जा, नंतर दर्शनाच्या गाड्या लागतात अन् मध्येच थांबावं लागलं की टेस्टचा काही अर्थच राहत नाही.