डीएसएन, ड्रायव्हर, पूल: कोण कोणाशी बोलतं?

प्रश्न: बीसीए झालोय, आता म्हापशाच्या एका होलसेल दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर बघतो. जुनं व्हीबी६ (व्हिज्युअल बेसिक ६) मध्ये आहे, मालकाला आता जावात हवंय. ओडीबीसी, एडीओ, जेडीबीसी, पूल हे सगळं ऐकून मी नुसती मान हलवतो. त्यात नव्या ६४ बिट पीसीवर सिस्टम डीएसएन केला तरी जुना प्रोग्राम म्हणतो डीएसएन सापडत नाही. काय करू? – एक वाचक, फोंडा

उत्तर: आधी डीएसएन, म्हणजे डेटाबेसला जोडायची नाव देऊन ठेवलेली सेटिंग, कारण तुझं घोडं तिथंच अडलंय. व्हीबी६ चा प्रोग्राम ३२ बिटचा आणि तू बहुतेक ६४ बिटच्या टूलमधून डीएसएन केलायस, तो त्याला दिसणारच नाही. विंडोज फोल्डरात सिसवॉव६४ मध्ये जा, तिथलं ओडीबीसीएडी३२ उघड आणि त्यात डीएसएन कर, ड्रायव्हरही ३२ बिटचाच टाक. आणि हो, सिस्टम३२ मधलं त्याच नावाचं टूल ६४ बिटचं आहे, नावं अशी उलटी का ते मायक्रोसॉफ्टलाच विचार!

ओडीबीसी, म्हणजे प्रोग्रामनं कुठल्याही डेटाबेसशी बोलायची ठरलेली पद्धत, मायक्रोसॉफ्टनंच १९९२ मध्ये आणली. प्रोग्राम ठरलेले कॉल देणार, ते त्या त्या डेटाबेसला कळतील असे करायचे काम ड्रायव्हरचं, आणि डीएसएन म्हणजे कुठला ड्रायव्हर, कुठला सर्व्हर याची नाव देऊन सेव्ह केलेली सेटिंग, बस. एडीओ १९९६ चं, डेटाबेसशी बोलायचंच, पण ते कॉम कंपोनंट (विंडोजमध्ये इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार तुकडा) आहे म्हणून व्हीबीत रेफरन्स टिक केला की कनेक्शन, रेकॉर्डसेट (आलेल्या ओळी) आयते मिळतात, एक्सेलच्या मॅक्रोतपण तेच चालतं.

जावात हे काम जेडीबीसीचं, १९९७ च्या जेडीके १.१ पासून. ड्रायव्हरची जार (जावाची पॅक केलेली फाईल) क्लासपाथमध्ये, म्हणजे जावा जिथं शोधतं त्या यादीत, टाक, यूआरएल (डेटाबेसचा पत्ता) दे, डीएसएन लागतच नाही. जुन्या नोट्समध्ये जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज दिसेल, त्याच्या नादी लागू नको, जावा ८ मध्ये तो काढूनच टाकलाय.

आता पूल, म्हणजे उघड्या कनेक्शनांचा साठा. दिवाडीला जायला दर माणसामागं नवी फेरीबोट बांधत नाहीत ना, तसं कनेक्शन पण दर बिलाला नवीन उघडायचं नाही, थोडी उघडून ठेवायची नि फिरवायची. पूलमधलं कनेक्शन क्लोज केलं की ते तुटत नाही, परत पूलमध्ये जातं, म्हणून ट्राय-विथ-रिसोर्सेस (काम संपलं की आपोआप क्लोज करणारी जावाची सोय) वापर, नाहीतर चतुर्थीच्या गर्दीत सगळी अडकून काउंटर लटकणार.

आणि बिलाचा हिशेब करणाऱ्या क्लासमध्ये कनेक्शन उघडूच नको रे, त्याला डेटासोर्स (कनेक्शन देणारा ऑब्जेक्ट) बाहेरून दे आणि यूआरएल, पासवर्ड कॉन्फिगमध्ये ठेव, म्हणजे उद्या मालकानं मडगावात दुकान काढलं तरी तुझ्या प्रोग्रामची तीच जार तिथं चालेल.